पिकअप, एसयूव्ही की क्रॉसओव्हर? मुंबईत पहिली उंच गाडी घेताना

शोरूममध्ये हल्ली उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला एसयूव्ही म्हणतात. टाटा पंचही एसयूव्ही आणि टोयोटा फॉर्च्युनरही एसयूव्ही. पहिली ३.८ मीटर लांबीची आहे आणि अल्ट्रोज या हॅचबॅकच्या सांगाड्यावर उभी आहे. दुसरी जवळपास ४.८ मीटरची, पिकअपच्या चासीवर बसवलेली. दोघींचा रस्ता वेगळा, खर्च वेगळा, पार्किंग वेगळे. गाडीच्या नावाला आणि जाहिरातीतल्या डोंगराला काही अर्थ नाही. गाडीच्या पोटाखाली काय आहे आणि ती तुमच्या इमारतीत कुठे उभी राहणार आहे, या दोन गोष्टींवर निम्मा निर्णय होतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवू. अमेरिकन व्हिडिओंमध्ये ‘ट्रक’ म्हणतात तेव्हा ते पिकअपबद्दल बोलत असतात: पुढे माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. आपल्याकडे ट्रक म्हणजे दहा चाकांचा मालट्रक आणि त्याहून छोटा तो टेम्पो. टाटा एस २००५ मध्ये आली आणि ‘छोटा हत्ती’ म्हणूनच गल्लोगल्ली ओळखली गेली. अमेरिकन ‘ट्रक’ला आपल्याकडे जुळणाऱ्या गाड्या म्हणजे टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस आणि कामाच्या बाजूने बोलेरो पिकअप. या लेखात त्यांना पिकअपच म्हटले आहे.

पायरी १: वाका आणि गाडीच्या पोटाखाली बघा

गाडी बांधायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत आधी पोलादाची शिडी तयार होते: पुढून मागे जाणारे दोन जाड लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. हीच लॅडर फ्रेम, गॅरेजच्या भाषेत ‘चासी’. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल हे सगळे तिला जोडतात आणि बॉडी वरून रबरी बुशांवर बोल्टने बसवतात. बॉडी काढून ठेवली तरी खाली चालू शकेल अशी गाडी उरते. जीपची ही परंपरा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलीज जीपची जोडणी माझगावातच सुरू केली होती, त्यामुळे मुंबईला ही बांधणी नवी नाही.

दुसरी पद्धत मोनोकॉक. इथे वेगळी चासी नसते. फरशी, खांब, छप्पर आणि पुढचे-मागचे भाग वेल्डिंगने एकत्र जोडून एकच पेटी बनते आणि सगळा भार ती पेटीच घेते. आपल्या सगळ्या नेहमीच्या कार अशाच बांधलेल्या असतात. कारची हीच पेटी उंच केली, सीट वर घेतली, चाके मोठी बसवली, की क्रॉसओव्हर तयार. १९९४ मध्ये टोयोटाने रॅव्ह-४ अशीच काढली आणि जगभर हा प्रकार रुळला. आपल्याकडे २०१२ ची रेनो डस्टर आणि २०१५ ची ह्युंदाई क्रेटा यांनी तो घरोघरी पोचवला.

ओळखायला मेकॅनिक लागत नाही. शोरूममध्ये पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये खाली वाका, मोबाईलची बॅटरी लावा. बॉडीपासून वेगळे, मागेपर्यंत गेलेले दोन जाड चौकोनी दांडे दिसले आणि त्यांच्यावर ठरावीक अंतरावर रबराचे गोल ठोकळे दिसले, तर गाडी चासीवर आहे. सपाट पत्रा, त्यावर दाबून काढलेल्या नळ्या आणि मधोमध सायलेन्सरचा पाइप दिसला, तर मोनोकॉक. मग मागच्या दोन चाकांच्या मध्ये बघा. तिथे डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, जाड गोळा असेल तर ताकद मागच्या चाकांना जाते. नुसता आडवा दांडा असेल तर गाडी पुढच्या चाकांवर चालते.

नावावरून अंदाज बांधू नका. जुनी टाटा सफारी, १९९८ पासूनची, चासीवर होती. २०२१ ला त्याच नावाने परत आलेली सफारी मोनोकॉक आहे आणि हॅरियरची बहीण आहे. इनोव्हा क्रिस्टा चासीवर, इनोव्हा हायक्रॉस मोनोकॉक. स्कॉर्पिओ-एन चासीवर, तर त्याच कंपनीची एक्सयूव्ही ७०० मोनोकॉक. बोलेरो निओ चार मीटरच्या आत असूनही चासीवर आणि मागच्या चाकांवर चालणारी. थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर या चासीवाल्या. क्रेटा, सेल्टोस, नेक्सॉन, ब्रेझा, फ्रॉन्क्स, पंच, एक्स्टर, कंपास या सगळ्या मोनोकॉक. फॉर्च्युनर, हायलक्स आणि इनोव्हा क्रिस्टा तर टोयोटाच्या एकाच चासी-कुटुंबातल्या आहेत. हायलक्सच्या हौद्याच्या जागी सीट आणि डिकी आली की फॉर्च्युनर काय असते ते कळते.

या फरकाने रोज काय होते

चासीवरची गाडी खड्ड्यात आपटली तर धक्का आधी फ्रेम घेते. वर्षानुवर्षे खराब रस्ता, ओझे आणि मागे ओढायचा ट्रेलर हे तिचे काम. मात्र ती जड असते, तिची फरशी उंच असते आणि बॉडी बुशांवर बसलेली असल्यामुळे पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर अंगाला सतत बारीक हादरे बसतात. मागे पाटे असतील, म्हणजे लीफ स्प्रिंग, तर रिकामी गाडी अजून उडते. पिकअपचे पाटे पाचशे किलोच्या हिशेबाने बनवलेले असतात. मागे दोन पिशव्या ठेवल्या तर ते वाकतच नाहीत, मग वाकायचे काम बसणाऱ्याच्या कमरेला करावे लागते.

मोनोकॉक गाडी हलकी, जमिनीच्या जवळ आणि वळणावर स्थिर. कसारा किंवा कशेडी घाटात सलग वळणे लागली की फरक मागच्या सीटवर कळतो. ज्यांना गाडी लागते, त्यांना चासीवरच्या उंच गाडीत लवकर लागते, कारण बॉडी एका अंगाला झुकते आणि उशिरा सावरते. घरात असे कोणी असेल तर चाचणीच्या दिवशी त्यांनाच मागे बसवा. तुमचे मत दुय्यम.

सुरक्षेबाबत एक गैरसमज फार घट्ट आहे: ‘पत्रा जाड म्हणजे गाडी सुरक्षित’. धडकेत माणूस वाचतो तो पुढचा भाग ठरवून चुरगळल्याने आणि केबिन न चुरगळल्याने. मोनोकॉकमध्ये हे साधणे सोपे असते. चासीवरही ते साधता येते: स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले आणि थार रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्ये पाच. म्हणजे बांधणीवरून नव्हे, त्या मॉडेलच्या निकालावरून ठरवा. उंच गाडीत ईएससी, म्हणजे घसरताना एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा, नसलेला व्हेरियंट घेऊ नका. गुरुत्वमध्य उंच असतो तिथे ती सगळ्यात जास्त कामाला येते.

पुढे भक्कम स्टीलचा बुलगार्ड लावायची इच्छा होईल. लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले. बंपरमागची चुरगळणारी जागा त्याने बाद होते, एअरबॅगच्या वेळेत गडबड होऊ शकते आणि पायी चालणाऱ्याला थेट लोखंड लागते.

पायरी २: टेप घ्या आणि पार्किंगमध्ये जा

मुंबईत ही पायरी चाचणीच्या आधी येते. पार्किंगमध्ये न बसणारी गाडी कितीही चांगली असली तरी ती रोजची कटकट आहे.

मुंबईच्या विकास नियमावलीत कारच्या जागेची दोन मापे आहेत: मोठी २.५ बाय ५.५ मीटर आणि छोटी २.३ बाय ४.५ मीटर. तुमच्या नावावर कोणती आहे ते कागदावर बघा आणि प्रत्यक्ष मोजा, कारण खांब, पाण्याचा पाइप किंवा मीटरची पेटी त्या मापातलेच काही खाऊन बसलेली असते. आता आकडे ठेवून बघा. क्रेटा ४.३३ मीटर लांब आणि १.७९ मीटर रुंद आहे. छोट्या जागेत ती बसते, पण रुंदीत उरतात ५१ सेंटिमीटर. मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस, म्हणजे शेजारची गाडी रेषेला चिकटली असेल तर मोठ्या माणसाला उतरता येणार नाही. प्रवाशाच्या बाजूला भिंतीशी लावून सगळी मोकळी जागा ड्रायव्हरकडे ठेवायची, माणसे आधी उतरवायची, हाच उपाय. स्कॉर्पिओ-एन ४.६६ मीटर लांब आणि १.९२ मीटर रुंद: छोट्या जागेतून नाक बाहेर येणार आणि सोसायटीची पहिली तक्रार त्याच आठवड्यात. हायलक्स ५.३२ मीटर. मोठ्या जागेतही मागेपुढे मिळून हातभर जागा उरत नाही.

मेकॅनिकल पार्किंग असेल तर उंची आणि वजन दोन्ही बघा. पॅलेटवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या लोखंडी फळीवर, किंवा ऑपरेटरच्या खोलीबाहेर पाटी असते: कमाल लांबी, रुंदी, उंची, वजन. अनेक टॉवरमध्ये खालचे कप्पे उंच गाड्यांसाठी आणि वरचे सेडानसाठी असतात. सेडानच्या कप्प्याला साधारण १.५५ मीटरची मर्यादा असेल तर फ्रॉन्क्स, तिची उंची १.५५ मीटर, काठावर येते आणि ब्रेझा, १.६८ मीटर, बाहेर राहते. छपरावरचे रूफ रेल आणि शार्क-फिन अँटेना उंचीत धरा. फॉर्च्युनर डिझेल ४×४, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी, रिकामी असतानाच दोन टनांच्या पुढे जाते, म्हणून २,००० किलोच्या पॅलेटवर तिला नेऊच नका.

तळघराचा रॅम्प असेल तर तिथे ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमीन ते गाडीचे पोट या अंतराचा, आकडा एकटा पुरत नाही. रॅम्प सुरू होतो तिथे पुढचा बंपर घासतो, तो अ‍ॅप्रोच अँगलचा, म्हणजे पुढच्या चाकापासून बंपरपर्यंतच्या चढकोनाचा प्रश्न. रॅम्प संपून जमीन सपाट होते त्या कपाळावर गाडीचे पोट टेकते, तो दोन चाकांमधल्या अंतराचा. नेक्सॉनमध्ये हे अंतर २.५० मीटर, क्रेटात २.६१, हायलक्समध्ये जवळपास ३.०९. क्लिअरन्स सारखा असला तरी लांब गाडीचे पोट आधी टेकते. जाहिरातीतला क्लिअरन्स बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान बसले की तो कमी होतो, म्हणून रॅम्पची चाचणी माणसे भरूनच करा.

दादर, गिरगाव किंवा लालबागच्या जुन्या इमारतीत राहत असाल आणि गाडी गल्लीतच लागणार असेल, तर रुंदी आरशांसकट धरा आणि वळणत्रिज्या विचारा. क्रेटाची सुमारे ५.३ मीटर, फॉर्च्युनरची ५.८, हायलक्सची ६.४. हायलक्सला बंद गल्लीत फिरवून आणायला दोनदा जास्त रिव्हर्स मारावा लागतो.

पायरी ३: कोण बसणार, किती वजन

आजी-आजोबांना गाडीत चढता येते का हे शोरूमच्या सपाट फरशीवर कळत नाही. फूटपाथशेजारी उभी करून बघा. क्रॉसओव्हरची सीट कंबरेच्या उंचीला येते: माणूस सरळ मागे सरकून बसतो, गुडघ्यावर ताण येत नाही. सेडानपेक्षाही हे सोपे, आणि माझ्या मते क्रॉसओव्हर घेण्याचे हेच सगळ्यात खरे कारण आहे. चासीच्या गाडीत आधी फूटस्टेपवर पाय, मग हँडल धरून अंग वर खेचायचे. नऊवारी किंवा सहावारी नेसलेल्या बाईंना, संधिवात असलेल्यांना ते रोज जमत नाही. फूटस्टेप आणि खांबावरचे हँडल असल्याशिवाय अशी गाडी ज्येष्ठांसाठी घेऊ नये.

तिसऱ्या रांगेत स्वतः बसा, दहा मिनिटे. चासीच्या गाडीत मागचा अ‍ॅक्सल खाली असल्यामुळे फरशी उंच येते आणि गुडघे छातीशी लागतात. समोरासमोरच्या आडव्या सीटवर लहान मुलांना लांबच्या प्रवासाला बसवू नका.

वजनाचा हिशेब फार कमी लोक करतात. गाडीचे कमाल भरलेले वजन वजा रिकामे वजन, इतकेच तुम्ही भरू शकता आणि त्यात माणसेही आली. समजा ४३० किलो उरतात. सात माणसे सरासरी ६५ किलोची म्हणजे ४५५. सामान ठेवायच्या आधीच गाडी भरलेली. गणपतीला कोकणात निघताना छपरावर कॅरिअर लावून बॅगा चढवतात, तेव्हा दोन चुका एकदम होतात: एकूण वजन ओलांडते आणि गुरुत्वमध्य अजून वर जातो. छपराची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये ती ५० ते ७५ किलोच्या घरात, कॅरिअरचे वजन धरून. जड बॅगा डिकीत खाली, हलक्या वर. आणि निघण्याआधी टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवरच्या ‘पूर्ण भार’ ओळीप्रमाणे भरा, टायर थंड असताना.

पायरी ४: पाणी

‘गाडी उंच आहे, हिंदमाताला अडकणार नाही’ या भरवशावर दर पावसाळ्यात इंजिने जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा दिवशी कुठल्याच गाडीचा उपयोग नसतो. पण नेहमीच्या भरतीच्या पावसातही हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे क्रॉसओव्हर बंद पडलेल्या दिसतात.

कारण असे. इंजिन हवा ओढते ती बॉनेटच्या पुढच्या भागातल्या नळीतून. तिथपर्यंत पाणी पोचले की ते सिलिंडरमध्ये जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात आणि त्यात इंजिन पूर्ण उघडावे लागते. क्लिअरन्स २०० मिलिमीटर असणे आणि २०० मिलिमीटरहून खोल पाण्यातून जाता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खरा आकडा वॉटर वेडिंग डेप्थ, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती खोल पाण्यातून जाऊ शकते तो. तीन दारी थारसाठी तो ६५० मिलिमीटर, हायलक्ससाठी ७०० दिला जातो. बहुतेक क्रॉसओव्हरच्या माहितीपत्रकात हा आकडा नसतोच.

आकडा नसेल तर चाकाचा मध्य ही मर्यादा धरा. २१५/६० आर १७ टायरचा मध्य जमिनीपासून साधारण ३४ सेंटिमीटरवर येतो. फूटपाथची कड दिसेनाशी झाली की थांबायचे. समोरून बेस्टची बस येत असेल तर तिची लाट तुमच्या बंपरवर चढते, म्हणून ती जाऊ द्या. जायचेच असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ वेगाने, मध्ये न थांबता. वाहत्या पाण्यात ३० सेंटिमीटरलाच छोटी गाडी सरकू लागते आणि ६० सेंटिमीटरला एसयूव्हीसुद्धा. मोनोकॉक असो वा चासी, बंद पेटी तरंगते.

आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पहिल्या वेळी कदाचित नुसते पाणी गेलेले असते, रॉड वाकतो तो दुसऱ्या प्रयत्नात. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेकदा नाकारतात, म्हणून मुंबईत ‘इंजिन प्रोटेक्शन’ची जोड घ्याच. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी, गाडी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढली तर मागे ताकद नेणारे कपलिंग जळते. टोइंगवाल्याला फ्लॅटबेडच पाठवायला सांगा.

पायरी ५: ४×४ हवे का?

बहुतेकांना नको. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य क्रॉसओव्हर पुढच्या दोन चाकांवर चालतात. ‘मड, सँड, स्नो’ लिहिलेले बटण असले म्हणून मागच्या चाकांना ताकद जात नाही. ते बटण अ‍ॅक्सिलरेटर आणि ट्रॅक्शन कंट्रोलची वागणूक बदलते, इतकेच.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये, उदाहरणार्थ एक्सयूव्ही ७०० किंवा ग्रँड व्हिटाराच्या ठरावीक व्हेरियंटमध्ये, पुढची चाके घसरली की क्लच आपोआप मागे ताकद पाठवतो. थार, जिम्नी, हायलक्समध्ये ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा, वेगळा दांडा किंवा नॉब असतो: २एच (दोन चाकांना ताकद), ४एच (चार चाकांना), ४एल. ४एल म्हणजे खूप ताकद आणि खूप कमी वेग, चिखलातून किंवा खडकावरून काढायला. यात पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले डिफरन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर ४एचमध्ये वळण घेतले की पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात, गाडी अडखळते, टायर झिजतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. मुंबईचा ओला काँक्रीट रस्तासुद्धा २एचचाच. आणि चार चाकांना ताकद मिळाली म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. ब्रेक लागतो टायरच्या नक्षीवर.

ताम्हिणीच्या आतल्या वाड्या, शहापूर-मुरबाडकडचे शेत, पावसाळ्यातली कच्ची वाट असे महिन्यातून दोनदा असेल तर ४×४ ची किंमत वसूल होते. किनाऱ्यावर गाडी घालण्यासाठी मात्र घेऊ नका. ओल्या वाळूत दोन टनांची गाडी रुतते, भरती तुमच्यासाठी थांबत नाही आणि खारे पाणी चासीच्या पोकळ दांड्यांत साचून आतून गंज धरते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चासीवरची गाडी पावसाळ्यानंतर एकदा खालून नुसत्या पाण्याच्या दाबाने धुऊन घ्यावी, दांड्यांची खालची भोके चिखलाने बुजलेली नाहीत ना हे बघावे.

डिझेलबद्दल

चासीच्या मोठ्या गाड्या बहुतांश डिझेल घेतल्या जातात. बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती जाळी गाडी सलग वेगात चालली की आपोआप जळून साफ होते. परळ ते वरळी रोज चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती कधीच तापत नाही, तुंबते आणि दिवा लागतो. तेव्हा पहाटे ईस्टर्न फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या आसपास सलग वीस मिनिटे चालवा आणि मध्येच बंद करू नका. हे जमणार नसेल, महिन्याला पाचशे किलोमीटरच होणार असतील, तर पेट्रोल किंवा हायब्रिड क्रॉसओव्हर घ्या.

पायरी ६: कर आणि पासिंग

चार मीटर ही मर्यादा आपल्याकडे रचनेतून आलेली नाही, करातून आलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४,००० मिलिमीटरपर्यंत लांब आणि पेट्रोल १,२०० सीसी किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापुढे ४० टक्के. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. नेक्सॉन १८ टक्क्यांत बसते. जिम्नी ३,९८५ मिलिमीटर लांब असूनही इंजिन १,४६२ सीसीचे, म्हणून ४० टक्के. ब्रेझाचेही तसेच.

वर महाराष्ट्राचा एकरकमी कर: खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११, वीस लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३ टक्के. डिझेलला तेच १३, १४ आणि १५. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. त्यामुळे त्याच गाडीचा डिझेल व्हेरियंट नुसत्या करातच महाग पडतो. आधी हा हिशेब करा, मग अ‍ॅव्हरेजचा.

पिकअपवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावे. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा एस या मालवाहू वर्गात नोंदल्या जातात: पिवळी नंबर प्लेट, आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस, आणि एकूण वजन ३,००० किलोंच्या वर गेले तर परवाना. हौद्यात माणसे बसवणे बेकायदा आहे. कोस्टल रोडवर मालवाहू गाड्यांना बंदी आहे. लायसन्सची अडचण नाही: ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. हायलक्स आणि व्ही-क्रॉस खासगी वापरासाठी विकल्या जातात, तरी आरसीवर कोणता वर्ग आणि कोणता कर लागेल हे बुकिंगपूर्वी डीलरकडून लेखी घ्या. हौदा उघडा असतो हेही विसरू नका. मुंबईच्या पावसात त्यावर कडक झाकण हवे, फाळक्याला कुलूप हवे, नाहीतर हौद्यात ठेवलेली बॅग सिग्नलवर तुमची राहत नाही. फर्निचर, सायकली, बागेचे सामान, समुद्राचे खेळ असे दर आठवड्याला वाहायचे नसेल तर शहरात पिकअप घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पायरी ७: चाचणी आणि जुनी गाडी

शोरूमचा ठरलेला गुळगुळीत फेरा नको म्हणा. तुमच्या सोसायटीपर्यंत गाडी आणा. घरची सगळी माणसे भरा, रॅम्पवरून खाली न्या, तुमच्या जागेत उभी करा, दार उघडून उतरा. मग पेव्हर ब्लॉकचा एक रस्ता, दोन गतिरोधक आणि वीस मिनिटांचा ट्रॅफिक. उंच बॉनेटच्या गाडीत समोर किती अंतरापर्यंतचे दिसत नाही हे मोजा: कोणाला तरी पुढे प्लास्टिकचा लहान स्टूल ठेवायला सांगा आणि तो दिसेपर्यंत मागे न्यायला सांगा. सोसायटीत मुले खेळतात, म्हणून पुढचा कॅमेरा किंवा सेन्सर ही चैनीची गोष्ट नाही.

जुनी घेताना बांधणीप्रमाणे तपासणी बदलते. चासीच्या गाडीत दोन्ही दांडे हाताने चाचपडत जा: ताजे वेल्डिंग, नुसत्या एका भागावर नवा काळा रंग, मागच्या चाकांच्या वरच्या कमानीत गंज, बुश फुटलेले. दांड्यावर ठोकलेला चासी नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. मोनोकॉकमध्ये बॉनेट आणि डिकी उघडून कडेच्या पत्र्यांवरचे गोल स्पॉट वेल्ड बघा. कारखान्यातले समान अंतरावर आणि सारखे असतात. ते गायब असतील किंवा सीलंट हाताने फासलेले असेल तर गाडी कापून जोडलेली आहे. चासीचा दांडा सरळ करता येतो, मोनोकॉकचा खांब एकदा कापला की मूळ ताकद परत येत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा.

मुंबईची जुनी गाडी पुरातली असू शकते. सीट बेल्ट टोकापर्यंत ओढा: आत राहिलेल्या भागावर पाण्याची रेघ दिसते. स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत गाळ आहे का बघा, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, गालिच्याचा कोपरा उचलून वास घ्या. इंजिन धुता येते, सीट बदलता येते. बेल्टचा आतला भाग मात्र धुवायचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.